बातमी आपणच पोचवायची

(कार्यकर्ता शिबिरातले भाषण. ज्या गावांना येता आले नाही त्यांनी गावबैठकीत वाचून दाखवावे.)



मागच्या पावसाळ्यात एका पाड्यावर वनखात्याच्या माणसांनी उभी नागली उपटली. दोन दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या, ‘वनजमिनीवरील अतिक्रमण हटवले’. मी चिडून वार्ताहराकडे गेलो. तो म्हणाला, “खात्याचा कागद त्याच संध्याकाळी आला. तुमच्याकडून कोण आलं?” मला उत्तर नव्हतं. आपण दोन दिवस पाड्यावरच बोलत बसलो होतो.

म्हणून पहिली गोष्ट, त्याच दिवशी कागद द्यायचा, संध्याकाळच्या आत. तालुक्याच्या वार्ताहराला पेपरकडून फार काही मिळत नाही. कुणाचं दुकान असतं, कुणी शिकवणी घेतो. तो पदरचं भाडं घालून पाड्यावर कसा येणार? आपण जायचं. चहा पाजा, पण बातमीसाठी पैसे द्यायचे नाहीत.

कागद एकाच पानाचा. वरच्या चार ओळींत कुठं, कधी, काय झालं, कुणाचं नुकसान झालं, मागणी काय. संघटनेचा इतिहास खाली. शेवटी दोघांच्या सह्या आणि फोन.

आकडा खरा सांगायचा. मोर्चात चारशे माणसं असतील तर चारशेच. एकदा हजार सांगून खोटे पडलो की आपल्या दाव्यांचा आकडाही कुणी मानणार नाही.

आता शब्द. आपणच आपल्याला ‘अतिक्रमणवाले’ म्हणतो, ते बंद करा. आपण वनहक्काचे दावेदार. 2006 च्या कायद्याच्या प्रस्तावनेतच आपल्यावर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं लिहिलंय. कलम 4(5) सांगतं, दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत दावेदाराला जमिनीवरून काढता येत नाही. हे वाक्य कागदात घाला. मग बातमी अतिक्रमणाची राहत नाही, कायदा मोडल्याची होते. सोबत दाव्याची पोच आणि 13 डिसेंबर 2005 च्या आधीची दंडाची पावती जोडा. झेरॉक्सच द्या, मूळ कागद कुणाच्या हाती नाही.

पुढाऱ्याचा फोटो नको. जिची नागली गेली ती बाई बोलेल. आधी तिला विचारा, भीती वाटत असेल तर नाव देऊ नका. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला आपली माणसं चालत गेली. सोललेल्या पायांचे फोटो सगळीकडे पोचले. दहावीच्या पोरांच्या परीक्षेला अडचण नको म्हणून माणसं रात्री चालली, हेही लोकांना कळलं. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले.

बातमी चुकीची आली तर भांडत जाऊ नका. दोन ओळींचा खुलासा संपादकाला लेखी द्या, पोच घ्या.

आणि एक विसरू नका. बातमी छापून आली म्हणजे पट्टा मिळाला नाही. दावा नामंजूर झाला तर अपिलाला 60 दिवस असतात. पेपर वाचण्यात ते घालवू नका.

आज घरी जायच्या आत दर गावाने दोघांची नावं द्यायची, त्यात एक बाई. त्यांनी कात्रणांची वही ठेवायची.

जिंदाबाद!