परदेशातील सुट्ट्या आणि आईसमोर घेतलेले व्रत

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



आज आपल्या समाजातील अनेक मुले-मुली उच्च शिक्षणासाठी अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा दूरदेशी जात आहेत. ही निश्चितच अभिमानाची बाब होय. निरोपाच्या वेळी आईवडील अभ्यासाविषयी चार गोष्टी सांगतात आणि खाण्यापिण्याविषयी दहा. परंतु शनिवार-रविवारी व सुट्टीत तू कोठे जाणार, कोणाच्या संगतीत जाणार, कोठे उतरणार, हे विचारायचे बहुधा राहून जाते. महाविद्यालयाचे दिवस वेळापत्रकाने बांधलेले असतात. सुट्टीचा दिवस मात्र सर्वस्वी विद्यार्थ्याच्या हाती असतो. कापडाचा रंग पक्का की कच्चा, हे दुकानाच्या फळीवर कळत नाही; ते पहिल्या धुण्यात कळते. घरच्या संस्कारांचेही तसेच आहे. त्यांची खरी पारख सुट्टीत होते.

या दृष्टीने एका विद्यार्थ्याच्या सुट्ट्यांकडे पाहणे उद्बोधक ठरेल. हा विद्यार्थी म्हणजे १८८८ ते १८९१ या काळात लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करणारे मोहनदास करमचंद गांधी. पुढील काळातील महात्माजींविषयी आपण पुष्कळ वाचतो व ऐकतो. परंतु अठरा-एकोणीस वर्षांचा, लाजाळू, चारचौघांत बोलताना अडखळणारा आणि काट्या-चमच्याने कसे जेवावे हे न उमगणारा तो मुलगा आपल्या आजच्या मुलांच्या फार जवळचा आहे. त्याने आपल्या सहलींची हकीकत आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि तीत स्वतःची चूक कोठेही झाकलेली नाही.

प्रथम त्यांच्या प्रस्थानाविषयी. मोहनदासला विलायतेस पाठविण्याविषयी माता पुतळीबाईंच्या मनात मोठी शंका होती. तेथे गेलेली तरुण मुले बिघडतात, असे त्यांच्या कानावर आले होते. त्या वेळी कुटुंबाचे एक सल्लागार बेचरजी स्वामी यांनी मार्ग काढला. ते मूळचे मोढ वाणी. पुढे त्यांनी जैन साधूची दीक्षा घेतली होती. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांनी मोहनदासला दिली, आणि मग आईने अनुमती दिली. दुसरीकडे मुंबईत त्यांच्या ज्ञातीच्या पंचांनी सभा बोलावून समुद्र ओलांडण्यास मनाई केली. मुलगा ऐकत नाही असे पाहून त्यास ज्ञातीबाहेर टाकले, आणि जो कोणी त्याला मदत करील किंवा बंदरावर निरोप देण्यास जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरविला. एकीकडे बंदी आणि दुसरीकडे व्रत, असे वडीलधाऱ्यांचे हे दोन मार्ग होते. यांपैकी मुलाच्या कामी कोणता आला, ते त्याच्या सुट्ट्यांवरून दिसून येते.

४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदासने मुंबई सोडली. लंडनमध्ये आरंभी शाकाहारी भोजनालयाच्या शोधात त्याने रोज दहा-बारा मैल पायपीट केली. शेवटी फॅरिंग्डन स्ट्रीटवर तसे भोजनालय सापडले, आणि विलायतेत पाऊल ठेवल्यानंतर प्रथमच तो पोटभर जेवला. पुढे बसभाडे वाचावे म्हणून कामाच्या ठिकाणी पायी जाता येईल अशी खोली त्याने घेतली. बसभाडे, टपाल, वर्तमानपत्र असा पै-पैचा खर्च तो टिपून ठेवी आणि रोज रात्री निजण्यापूर्वी शिल्लक जुळवी. आपल्या पेढ्यांवरील रोजमेळाची ही शिस्त एका विद्यार्थ्याने परदेशातील एकाकी खोलीत पाळली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता त्याच्या सुट्ट्यांकडे वळू. पहिल्या वर्षी तो लंडनच्या दक्षिणेस समुद्रकाठी असलेल्या ब्रायटन या गावी गेला होता. तेथील हॉटेलात पदार्थांची यादी फ्रेंच भाषेत होती. त्यातील कोणत्या पदार्थात मांस नाही, हे कळावे कसे? त्याच मेजावर बसलेल्या एका वृद्ध विधवा बाईंनी त्याची अडचण ओळखली आणि त्याला चालतील असे पदार्थ दाखवून दिले. ही ओळख पुढे वाढली. लंडनमध्ये दर रविवारी त्या त्याला आपल्या घरी जेवावयास बोलावू लागल्या आणि तरुण मुलींशी त्याची ओळख करून देऊ लागल्या. येथे अडचण उभी राहिली. त्या काळी तेथील अनेक हिंदी विद्यार्थी आपला विवाह झाला असल्याचे लपवीत असत. मोहनदासही विवाहित होता, एका मुलाचा पिता होता, आणि तोही गप्प राहिला होता.

खरे सांगितले तर इतके स्नेहाचे घर तुटेल, ही भीती होती. न सांगावे तर असत्य वाढत जाणार होते. अखेर त्याने त्या बाईंना सविस्तर पत्र लिहिले, आपण विवाहित असून एका मुलाचे पिता आहोत हे सांगितले आणि इतके दिवस हे लपविल्याबद्दल क्षमा मागितली. बाईंचे उत्तर लागलीच आले. त्याच्या मनमोकळेपणाने आनंद झाल्याचे, पत्र वाचून खूप हसल्याचे आणि रविवारचे आमंत्रण कायम असल्याचे त्यांनी कळविले होते. सत्य सांगितल्याने घर तुटले नाही. उलट मनावरचे ओझे उतरले.

दुसरी सहल वेंटनरची. इंग्लंडच्या दक्षिणेस आइल ऑफ वाइट हे बेट आहे. त्या बेटावरील हे हवा खाण्याचे ठिकाण. तेथे घरमालकिणीची कन्या त्याला टेकड्यांवर फिरावयास घेऊन गेली. ती भरभर चालत होती व अखंड बोलत होती. हा ‘हो’, ‘नाही’ एवढेच पुटपुटत होता. टेकडी चढून झाली, पण उतरावे कसे? उंच टाचांचे बूट घातलेली ती मुलगी बाणासारखी खाली उतरली. मोहनदास मात्र मध्ये मध्ये बसत-सरपटत कसाबसा पायथ्याशी पोचला, आणि तिने मोठ्याने हसून त्याला शाबासकी दिली! पुढे शेवटच्या वर्षी तो पुन्हा वेंटनरला गेला. बोटीवरील सहप्रवासी त्र्यंबकराय मजमुदार या वेळी बरोबर होते, आणि दोघे एका शाकाहारी कुटुंबात उतरले. ‘दि एथिक्स ऑफ डाएट’ या ग्रंथाचे लेखक हॉवर्ड विल्यम्स तेथेच राहत होते. त्यांनी या दोघांना शाकाहारावरील सभेत बोलावयास सांगितले. मोहनदासने भाषण लिहून नेले होते. जेमतेम एका कागदाचे. तो उभा राहिला, पण डोळ्यांपुढे अंधारी आली, हातपाय थरथरू लागले. शेवटी ते भाषण मजमुदारांनी वाचून दाखविले. पुढे ज्यांचा शब्द ऐकण्यासाठी लाखो लोक जमत, त्यांची ही सुरुवात! ज्या मुलांना सभेत बोलण्याचा संकोच वाटतो, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही.

तिसरा प्रवास पॅरिसचा. १८८९ मध्ये तेथे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि त्यासाठी सुमारे तीनशे मीटर उंचीचा आयफेल मनोरा नुकताच उभारला गेला होता. मोहनदासने तेथे एका शाकाहारी घरात खोली घेतली आणि सात दिवस मुक्काम केला. हातात नकाशा घेऊन बहुतेक शहर त्याने पायीच पाहिले. मनोऱ्यावर तो दोन-तीन वेळा चढला. वरच्या उपाहारगृहात त्याने सात शिलिंग खर्चून भोजनही केले. इतक्या उंचीवर जेवलो, असे सांगता यावे एवढ्याचसाठी! पुढे लंडनमध्ये खोलीवर स्वयंपाक करून त्याने रोजच्या जेवणाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आणला. त्या हिशेबाने मनोऱ्यावरील ते एक जेवण साडेपाच दिवसांच्या अन्नाहून महाग पडले. हौसेची किंमत काय असते, हे वहीतच दिसते. आपण ते पैसे वाया घालविले, अशी कबुली गांधीजींनी पुढे दिली, आणि तो मनोरा म्हणजे प्रदर्शनातील एक खेळणे होते, असे मतही नोंदविले.

त्यांच्या मनावर खरी छाप पडली ती नोत्र दाम येथील प्राचीन चर्चची. ती भव्यता, ती शांतता आणि गुडघे टेकून प्रार्थना करणारी माणसे पाहून त्यांना वाटले, की ही भक्ती केवळ अंधश्रद्धा असू शकत नाही. हे लोक दगडाला नव्हे, दिव्यत्वाला वंदन करीत आहेत. परधर्मीयांच्या मंदिरात जाऊन असा आदर मनात बाळगणे, ही देखील प्रवासाची मोठी कमाई होय. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या आपणास हे वेगळे सांगावयास नको.

आता चौथा प्रवास, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. आत्मकथेनुसार हे १८९० साल. पोर्टस्मथ या बंदराच्या गावी शाकाहारी मंडळींची परिषद होती आणि मोहनदासला एका हिंदी मित्रासह तिचे निमंत्रण होते. म्हणजे निमित्त धर्माचे, मंडळी सात्त्विक. परंतु उतरण्याची सोय ज्या घरी झाली, ते घर चांगल्या चालीचे नव्हते. स्वागत समितीला याची कल्पना नव्हती. रात्री परिषदेहून आल्यावर पत्त्यांचा डाव मांडला गेला. घरची स्त्रीही खेळावयास बसली. प्रथम थट्टामस्करी, मग चावट बोलणे आणि मग मर्यादा सुटण्याचा क्षण. तेवढ्यात त्या मित्रानेच त्याला खडसावले, की हे तुझे काम नव्हे, येथून ताबडतोब ऊठ. मोहनदासला लाज वाटली, आईसमोर घेतलेली प्रतिज्ञा आठवली, आणि शिकाऱ्याच्या हातून सुटलेल्या सावजाप्रमाणे कापत तो आपल्या खोलीत गेला. ती रात्र त्याने जागून काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने ते गावच सोडले.

या प्रसंगातील तीन गोष्टी विद्यार्थी मित्रांनी मनाशी धराव्यात. पहिली अशी, की कार्यक्रम चांगला असला म्हणजे मुक्काम चांगला असतोच असे नाही. कोठे उतरणार, याची चौकशी स्वतः करावी. दुसरी, वेळेवर ‘ऊठ’ म्हणणारा मित्र असावा. तो स्वतः सर्वगुणसंपन्न नसला तरी त्याचा तो एक शब्द अमोल असतो. तिसरी, मोहाच्या जागी थांबून आपल्या बळाची परीक्षा पाहू नये. तेथून निघून जावे. निघून जाण्यात कमीपणा नाही. मोहनदास त्या रात्री स्वतःच्या मनोबलाने तरला, असे त्याने कधी म्हटले नाही. ईश्वराने वाचविले, असेच त्याने लिहिले. दोष लपविला नाही, त्याचे मोठेपण मिरविले नाही, आणि दुसऱ्या दिवशी आपले आचरण बदलले. अतिचाराची आलोचना म्हणजे तरी याहून वेगळे काय?

१० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले, ११ जूनला त्यांचे नाव नोंदले गेले आणि १२ जूनला ते मायदेशी निघाले. मुंबईस उतरल्यावर त्याच दिवशी श्रीमद् राजचंद्र यांची भेट झाली. जवाहिराचा व्यापार सांभाळून आत्मचिंतनात रमणारा हा तरुण श्रावक पुढे गांधीजींचा धर्मविषयक आधार बनला. ज्ञातीचा रोष शमावा म्हणून वडीलबंधूंनी त्यांना आपल्या महाराष्ट्रातील नाशिक क्षेत्री नेऊन पवित्र स्नान घडविले आणि राजकोटला ज्ञातिभोजन दिले.

परंतु या परतीच्या प्रवासात एक दुःख दडलेले होते. आईला भेटण्याची त्यांना अत्यंत ओढ लागली होती. मुंबईस पोचल्यावर बंधूंनी सांगितले, की आई आता नाही. परदेशात मुलाला धक्का बसू नये म्हणून ही वार्ता त्याच्यापासून राखून ठेवली होती. ज्या माउलीसमोर तीन प्रतिज्ञा घेतल्या, तिला ‘त्या पाळल्या’ हे सांगण्याची संधीच राहिली नाही. तरीही ते व्रत व्यर्थ गेले नाही. ते पाळले गेले होते, आणि पुढील आयुष्यभर अनेक व्रतांचा पाया ठरले.

पालकहो, श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत सांगितले आहे. त्यात दिशांची मर्यादा घालून घ्यावयाची असते. आजच्या काळात शिकणाऱ्या मुलामुलींना दिशा बंद करणे शक्य नाही आणि योग्यही नाही. त्या काळच्या पंचांची मनाई त्या मुलाला ब्रायटनलाही उपयोगी पडली नाही आणि पोर्टस्मथलाही नाही. उपयोगी पडले ते एका साधूने दिलेले आणि आईने विश्वासाने स्वीकारलेले व्रत. म्हणून मुलांना जाऊ द्यावे. मात्र निघण्यापूर्वी घरात शांतपणे एकत्र बसावे, एक-दोन नियम त्यांनी स्वतःच्या तोंडाने घ्यावेत, आणि चूक झाली तर ती घरी निःसंकोच सांगता येईल एवढा विश्वास आपण त्यांना द्यावा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही सुट्टीत अवश्य प्रवास करा. समुद्र पाहा, टेकड्या चढा, परक्या देशातील मंदिरे आदराने पाहा. खर्चाचा मेळ रोज रात्री घाला, आणि त्या शिलकेबरोबर दिवसभराच्या आचरणाचीही शिल्लक पाहा. आजच्या मुलांना आईचा चेहरा रोज फोनवर दिसतो. मोहनदासला ते सुख लाभले नव्हते. ज्यांना ते लाभले आहे, त्यांनी सुट्टीहून परतल्यावर आपल्या आईला सर्व काही मोकळेपणाने सांगावे. ते ऐकण्यासाठी ती वाट पाहत असते.

जय जिनेंद्र!