दिवा इथे, चूल कुठे?

(मोलगी येथील प्रौढ वर्गात झालेले भाषण)



तुमच्यापैकी कितीतरी जण कामासाठी सुरतेकडे जातात. कोणी ऊसतोडीला जातात, कोणी बांधकामावर. रात्री शहर कसे दिसते, ते तुम्ही पाहिले आहे. रस्त्यावर दिवे, दुकानात दिवे, दहाव्या मजल्यावरही दिवे! मग मनात येते, एवढी वीज येते तरी कुठून? तारेतून येते, हे खरे. पण तारेत ती कोण घालतो?

आज तेच सांगतो.

चुलीवर भगर शिजत असते. भांड्यावर झाकण असते. पाणी उकळले की झाकण थडथड उडते. ते कोण उडवते? वाफ. वाफेत जोर असतो. कोळशाच्या वीज केंद्रात हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर चालते.

आधी कोळसा दळून पिठासारखा बारीक करतात. तो भट्टीत जाळतात. भट्टीच्या नळ्यांतील पाण्याची वाफ होते. ती जोराने एका मोठ्या चक्राच्या पात्यांवर सोडतात. चक्र मिनिटाला ३००० फेरे घेते. त्याला जोडलेले मोठे लोहचुंबक तांब्याच्या वेटोळ्यांमध्ये फिरते. त्यातून वीज निर्माण होते. मग उंच मनोऱ्यांवरच्या तारांतून ती दूर जाते.

असे एक केंद्र आपल्या खानदेशातच आहे. भुसावळजवळ दीपनगर येथे. तिथला पहिला संच १९६८ साली सुरू झाला. पुढे ५०० मेगावॅटचे दोन मोठे संच उभे राहिले. त्याला पाणी तापी नदीचे. कोळसा विदर्भातल्या खाणींतून आगगाडीने येतो. ५०० मेगावॅटचा एक संच पुरा चालला, तर दिवसाला दोन मालगाड्या तरी कोळसा खातो!

मुंबईची गोष्ट ऐका. १९०५ साली तिथे वाडीबंदरला कोळशावर चालणारे लहानसे वीजघर निघाले. ते ट्रामगाडीसाठी होते. पुढे शहर वाढले. १९५६ पासून तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, मोठे औष्णिक केंद्र चालू झाले. शहराला वीज फक्त दिव्यांसाठी लागत नाही. लोकलगाड्या, दवाखाने, गिरण्या, पाण्याचे पंप, सारे विजेवर चालते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. राज्यातली बहुतेक केंद्रे एकाच जाळ्यात जोडलेली आहेत. वीज धान्यासारखी कणगीत भरून ठेवणे फार अवघड आणि महाग. जेवढी लागते तेवढी त्याच क्षणी तयार करावी लागते. एक बैल बसला की दुसऱ्यावर भार पडतो. तसे एक केंद्र बंद पडले की बाकीच्यांवर ओझे येते. ते पेलले नाही, तर कुठेतरी दिवे बंद करावेच लागतात.

कुठले दिवे? २००५ नंतर काही वर्षे महाराष्ट्रात विजेचा मोठा तुटवडा होता. तेव्हा खेड्यांत रोज अनेक तास अंधार असे. मुंबईला मात्र त्यातून सूट होती.

दिवा शहरात लागला, तरी चूल गावाजवळ पेटते. जमीन गावाची जाते. आपल्या कोळशात राख फार, सुमारे तिसरा हिस्सा. त्या राखेच्या विटा होतात, ती सिमेंटमध्येही घालतात. पण उडाली तर शेजारच्या शेतावर आणि माणसाच्या छातीत जाते. धुरामुळे जगाची हवाही तापते. पाण्याच्या विजेलाही किंमत असतेच. ती आपल्याला कोणी सांगायला नको. सरदार सरोवरासाठी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यात आपल्याच माणसांची घरे होती.

म्हणून वीज नको, असे मी म्हणत नाही. वीज हवीच. मुलांच्या अभ्यासाला हवी, भगरीच्या गिरणीला हवी, दवाखान्यात तर हवीच हवी. आता सूर्यापासूनही वीज करतात. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ १२५ मेगावॅटचे तसे केंद्र २०१३ साली झाले. पण दिवे लागतात तेव्हाच सूर्य मावळलेला असतो. त्यामुळे कोळशाची भट्टी अजून विझलेली नाही.

मग आपण काय करायचे? आता तुम्हांला आकडे वाचता येतात. घरचा मीटर वाचा. मागच्या महिन्यात ४१२ होते, आज ४४७ आहे. वजाबाकी करा. ३५ युनिट झाले. बिलावर तेवढेच लिहिले आहे का, पाहा. जास्त असेल तर कचेरीत जा आणि विचारा. विचारायला लाजू नका.

आणि हेही ध्यानात ठेवा. एका युनिटमागे सुमारे पाऊण किलो कोळसा जळतो. ३५ युनिटांना सव्वीस किलो! रिकाम्या खोलीतला दिवा विझवा. शहरातल्या माणसानेही विझवावा. कामाला गेलात, तर त्यालाही ही गोष्ट सांगा.

एवढे बोलून मी थांबतो. आता तुम्ही प्रश्न विचारा.