प्लेगच्या प्रयोगशाळेपासून औषध-धोरणापर्यंत : डॉ. साहिबसिंग सोखी यांचे कार्य

(पानिपत येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



पानिपत म्हटले की मराठी मनासमोर १७६१ उभे राहते. मात्र या प्रदेशाने पुढे दीडशे वर्षांनी आणखी एक संहार पाहिला, त्याची आठवण फारशी काढली जात नाही. पानिपत त्या काळी पंजाब प्रांताच्या कर्नाल जिल्ह्यात मोडत असे. १९०७ या एकाच वर्षात त्या प्रांतात प्लेगने सहा लाखांहून अधिक माणसे दगावली. याच पंजाबातील एका डॉक्टरने पुढे मुंबईत प्लेगवरील औषधोपचाराचे संशोधन केले. त्यांचे नाव डॉ. साहिबसिंग सोखी.

सोखी यांचा जन्म १८८७ मध्ये अमृतसर येथे झाला. एडिंबरो येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली होती. त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळाले. १९३२ मध्ये सोखी या संस्थेचे संचालक झाले. त्या पदावरील ते पहिले भारतीय होत.

लस रोग टाळण्यास साहाय्य करते. परंतु ज्याला रोग जडला आहे त्याचे काय, हा प्रश्न शिल्लक होता. उपचार न मिळालेल्या ग्रंथिक प्लेगच्या रुग्णांपैकी ३० ते ६० टक्के रुग्ण मरण पावतात. १९३५ नंतर युरोपात सल्फा औषधांचा उदय झाला. सोखी आणि त्यांचे सहकारी डॉ. बी. बी. दीक्षित यांनी प्लेगवर सल्फापिरिडिन व सल्फाथायाझोल यांची परिणामकारकता प्रयोगांद्वारे तपासली. त्यांचे निष्कर्ष १९४० मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमरावतीत जन्मलेले हेच दीक्षित पुढे दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. सल्फा औषधे रासायनिक संश्लेषणाने तयार होतात. प्रतिजैविके ही मूळ अर्थाने सूक्ष्मजीवांपासून मिळणारी द्रव्ये होत. पेनिसिलिन बुरशीपासून मिळाले, तर १९४३ मध्ये शोधलेले स्ट्रेप्टोमायसिन मातीतील सूक्ष्मजीवापासून. प्लेगच्या उपचारात स्ट्रेप्टोमायसिनने पुढे सल्फा औषधांची जागा घेतली.

सोखी केवळ प्रयोगशाळेत रमले नाहीत. औषध सापडले तरी ते गरिबाच्या घरी पोहोचत नसेल, तर त्या शोधाचे सामाजिक मूल्य अपुरे राहते, हे त्यांनी ओळखले. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे ते अध्यक्ष होते. दर हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा, अशी शिफारस या उपसमितीने केली. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ कार्यकर्तीसाठी सर्वसाधारणपणे हेच प्रमाण ठेवण्यात आले. आवश्यक औषधे देशातच आणि परवडणाऱ्या किमतीत तयार व्हावीत, असाही सोखी यांचा आग्रह होता. १९५२ ते १९५६ या काळात ते राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य होते.

त्याच दशकात औषधनिर्मितीच्या स्वावलंबनाला मूर्त रूप आले. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक उपक्रम स्थापन झाला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या बाबतीत उत्पादनाऐवजी केवळ प्रक्रियेला पेटंट देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे देशी उद्योग वाढला आणि औषधे स्वस्त झाली. १ जानेवारी २००५ पासून उत्पादन पेटंट पुन्हा लागू झाले.

या स्वस्ताईचे मोल १९९४ मध्ये दिसले. त्या वर्षी बीड जिल्ह्यात व सुरत शहरात प्लेगची साथ उद्भवली. शतकाच्या आरंभी लाखांनी मोजले जाणारे मृत्यू या वेळी काही दशकांवर थांबले. टेट्रासायक्लिन सहज उपलब्ध होते, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण. परंतु त्याच दिवसांत निरोगी माणसांनीही भीतीपोटी या गोळ्यांचा साठा केला. एकाच घटनेत प्रतिजैविकाची उपयुक्तता आणि त्याचा अविचारी वापर असे दोन्ही दिसले.

अर्थशास्त्राच्या भाषेत प्रतिजैविकाची परिणामकारकता ही गावच्या गायरानासारखी सामाईक संपत्ती आहे. गोळी विकत घेणारा तिची किंमत मोजतो. मात्र अनावश्यक वापरामुळे जंतूंमध्ये जो प्रतिरोध वाढतो, त्याची किंमत उद्याचा अनोळखी रुग्ण मोजतो. बाजारभावात ही किंमत धरलेली नसते. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधी जिवाणूंमुळे झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नवे औषध राखीव ठेवावे लागते, म्हणजे त्याची विक्री कमीच राहते. त्यामुळे खासगी कंपन्यांना अशा संशोधनात पुरेसा परतावा दिसत नाही. या ठिकाणी शासनाचा सहभाग अपरिहार्य ठरतो.

भारताने काही पावले उचलली आहेत. २०१४ पासून अनेक महत्त्वाची प्रतिजैविके औषध नियमांच्या ‘एच-१’ अनुसूचीखाली आली. त्यांच्या विक्रीची नोंद ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक झाले. २०१७ मध्ये प्रतिरोधाविषयीचा पहिला राष्ट्रीय कृती आराखडा आला. २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिनच्या वापरास मनाई झाली. तथापि केवळ विक्रीवर निर्बंध घालून भागणार नाही. ज्या खेड्यात डॉक्टरच नाही, तेथे चिठ्ठीची सक्ती म्हणजे रुग्णाला औषधापासून वंचित ठेवणे होय. निर्बंध आणि प्राथमिक आरोग्यसेवा यांची वाढ बरोबरीनेच व्हावी लागेल. शुद्ध पाणी, स्वच्छता आणि लसीकरण यांनी संसर्गच कमी झाला, तर औषधाची गरजही घटते.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी काही जण जिल्ह्याच्या प्रशासनात असतील. औषधाचा शोध, त्याची निर्मिती आणि त्याचे वाटप हे एकाच साखळीचे दुवे आहेत, हे सोखी यांच्या कार्यातून समजते. आपल्या पिढीला त्यात औषधाच्या परिणामकारकतेचे जतन हा चौथा दुवा जोडावयाचा आहे. तो निखळला, तर पहिले तीन दुवे जोडण्यासाठी घेतलेले श्रम वाया जातील.