लहान मुलांचा दमा आणि श्वासातले औषध



नाशिकला द्वारकेच्या चौकात मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता मिळतो. मोटारींच्या धुराने तिथे थोरांनाही ठसका लागतो. मग दम्याच्या पोराचे काय होत असेल? खेड्यात चुलीचा धूर नि मळणीची धूळ आहेच.

रात्री पोर खोकते, छातीत सूं सूं वाजते. डॉक्टर पंप लिहून देतात आणि घरात कुजबुज सुरू होते, "एवढ्याशा लेकराला पंप? सवय लागेल हो!" मंडळी, पंपाचे व्यसन लागत नाही. पोटात घेतलेले औषध अंगभर फिरते. श्वासातले थेट छातीत पोचते, म्हणून थोडेच पुरते. हा पंप 1956 साली अमेरिकेत निघाला, तोही दम्याच्या एका 13 वर्षांच्या मुलीने वडिलांना केलेल्या प्रश्नावरून!

मात्र पंप दाबणे आणि त्याच क्षणी श्वास ओढणे लहानग्यांना जमत नाही. औषध घशातच राहते. म्हणून मध्ये पोकळ नळकांडे लावतात; त्याला स्पेसर म्हणतात. चार वर्षांखालच्या मुलाला त्यावर मुखवटाही हवा. पंप हलवावा, स्पेसरला जोडावा, मुखवटा नाकातोंडावर फट न ठेवता धरावा. एकदाच दाबावे आणि मुलाला संथपणे पाच-सहा श्वास घेऊ द्यावेत. दुसरी मात्रा असल्यास पुन्हा हलवून द्यावी.

आता मुख्य गोष्ट ऐका. मूल रडत असले, तर औषध छातीत फारसे जात नाही. म्हणून रोजचे औषध देताना धरपकड नको. लेकराला मांडीवर घ्या, आधी बाहुलीला मुखवटा लावून दाखवा, गोष्ट सांगा. आईचा धीर हाही औषधाचाच भाग आहे, बरे का!

स्पेसर जवळ नसेल तर? दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून त्यात पंप घट्ट बसवला. पाच वर्षांवरील मुलांना त्याचा विकतच्या स्पेसरइतकाच गुण आला, असे 1999 साली प्रसिद्ध झाले. अडीनडीला हे डॉक्टरांकडून शिकून ठेवावे.

गुरुजी, अशा मुलाचा पंप शाळेत हाताशी असू द्या. त्याला खेळातून वगळू नका. आणि ओठ निळसर पडले, बरगड्या आत ओढू लागल्या, धापेने बोलवेना, तर सर्वांनीच ध्यानात ठेवावे: पंप देत देत तडक दवाखाना गाठावा.