खाणीचे शिक्षण आणि आपली मुले
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हा तिघांना बोलायला सांगितले. तिघांनी वेगवेगळे बोलून तुमचा वेळ घेण्यापेक्षा एकत्र बसून लिहावे आणि एकाने वाचावे असे ठरले. म्हणून या भाषणात 'मी' नाही, 'आम्ही' आहे. आम्ही तिघेही याच वस्तीतले आणि तिघांचेही वडील कोळसा खाणीत कामाला. एकाने धनबादला खाणकाम अभियांत्रिकीत एम.टेक. केले, एकीने नागपूर विद्यापीठातून भूशास्त्रात एम.एस्सी. केली आणि एकाने मुंबईच्या आयआयटीत ऊर्जा विषयात एम.टेक. केले. विषय तीन दिसतात, पण मुळात एकच आहे. जमिनीच्या पोटातली संपत्ती शोधायची कशी, माणूस न गमावता बाहेर काढायची कशी आणि तिच्यातून ऊर्जा मिळवायची कशी.

धनबादला प्रवेश मिळाला तेव्हा घरात आनंद झाला असेल असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईजवळ म्हणाले, "कोळशातून पोरगा बाहेर निघावा म्हणून शिकवलं, अन् हा पुन्हा कोळशातच चालला!" या वाक्याचे उत्तर द्यावे म्हणूनच आज आम्ही उभे आहोत. कारण हा प्रश्न या सभागृहात बसलेल्या अनेक आई-बापांच्या मनात आहे.

आमचे वडील लोडर होते. शिफ्टला खाली उतरले की पहिले काम म्हणजे छताला काठी ठोकून आवाज ऐकायचा. टणक आवाज आला तर छत धरून आहे, पोकळ आला तर सुटायला आलंय. हे त्यांना कोणत्या शाळेने शिकवले नव्हते, जुन्या कामगारांनी शिकवले होते. एकदा आवाज पोकळ आला. यांनी सांगितले, पण त्या दिवशी काम थांबले नाही. दुपारी छत बसले आणि त्यांच्या जोडीचा माणूस घरी आला नाही. त्यांची पत्नी आजही दर पौर्णिमेला या विहारात येते.

धनबादला प्रबंधाचे काम याच विषयावर होते. छत किती मिलिमीटर खाली येते, कोळशाचा जो खांब आधाराला सोडतात त्यावर किती भार येतो, बोल्ट कोठे आणि किती लांबीचे मारावेत, हे सर्व उपकरणांनी मोजायचे आणि आलेख काढायचा. सुटीत तो आलेख घरी आणला. वडिलांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हे आमाले कानानं समजत होतं. पण कानाचं सांगून साहेबाले पटत नव्हतं. तुह्या कागदानं पटंन." बंधू-भगिनींनो, पदवीनंतरचे शिक्षण कशासाठी, याचे याहून चांगले उत्तर आम्हाला प्राध्यापकांकडूनही मिळाले नाही.

बाबासाहेबांचा या विषयाशी असलेला संबंध आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतो. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. खाणी आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबाद भागातल्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले आणि कामगारांची घरेही पाहिली. १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. खाली उतरून पाहणे आणि वर येऊन कायदा करणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या. आपल्या माणसांनी खाली उतरण्याचे काम पिढ्यान् पिढ्या केले. वर बसून ठरवण्याचे काम अजून बाकी आहे.

आता भूशास्त्राचे पाहू. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या कामातले साठलेले पाणी फुटून खाली घुसले आणि सुमारे ३७५ कामगार गेले. जुनी पोकळी कोठे आहे, तिच्यात पाणी किती आहे, मधला दगड किती जाडीचा आहे, हे सांगणे भूशास्त्रज्ञाचे आणि सर्व्हेअरचे काम. नकाशा चुकला की माणसे जातात. आज या शाखेला आणखी एक काम आले आहे. केंद्र सरकारने २०२३ साली ३० खनिजे अत्यावश्यक म्हणून जाहीर केली. त्यांत बॅटरीला लागणारे लिथियम आणि ग्रॅफाइट आहे. ती शोधायला माणसे लागणार आहेत.

आणि ऊर्जा? आपल्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोळसा जळून जी उष्णता निघते, तिची साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकीच वीज होते. बाकीची धुराड्यातून आणि पाण्याच्या वाफेतून निघून जाते. राख आणि धूर मात्र आपल्या वाट्याला येतो, तो तुम्ही रोज अंगणात झाडताच. हे कमी कसे करायचे आणि सूर्याची वीज रात्रीसाठी साठवायची कशी, हा त्या अभ्यासाचा विषय.

मुलींविषयी मुद्दाम सांगतो. भूमिगत खाणीत स्त्रियांना कामाला कायद्याने बंदी होती. नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांना तर खाणकामाच्या पदवीला प्रवेश मिळावा म्हणून न्यायालयात जावे लागले. देशातल्या पहिल्या महिला खाण अभियंता म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे २०१९ साली तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी स्त्रियांना खाली उतरण्याची परवानगी मिळाली. तेव्हा "मुलीचं तिथं काय काम?" असे आता कोणी म्हणू नये.

आता व्यवहाराचे बोलू. विद्यार्थ्यांनी हे टिपून घ्यावे. एम.टेक.साठी गेट ही परीक्षा आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ती देता येते आणि गुण तीन वर्षे चालतात. खाणकाम, भूशास्त्र, पेट्रोलियम असे वेगळे पेपर असतात. पास होणे म्हणजे जागा मिळणे नव्हे, हे लक्षात ठेवा. आयआयटीच्या जागांसाठी सीओएपी आणि एनआयटीच्या जागांसाठी सीसीएमटी येथे वेगळी नोंदणी करावी लागते. ती तारीख चुकली की वर्ष गेले. खाणकामासाठी धनबाद, खरगपूर आणि वाराणसी येथे आयआयटी आहेत. धनबादची संस्था १९२६ ची, तिला आयआयटीचा दर्जा २०१६ साली मिळाला. आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटीतही खाणकाम विभाग आहे. डिप्लोमा झालेल्यांनी निराश होऊ नये. पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊन हीच वाट धरता येते.

परदेशी जायचे असेल तर केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दुसरी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट असते, म्हणून अर्ज करण्याआधी त्या वर्षाची जाहिरात पूर्ण वाचावी.

एक कडू अनुभव सांगितला नाही तर आमचे बोलणे अपुरे राहील. आमच्यातल्या एकाला गेटमध्ये चांगले गुण मिळाले, यादीत नाव लागले. पण कागद तपासताना जातीचा दाखला राज्याच्या नमुन्यात निघाला, केंद्राच्या नमुन्यात हवा होता. इथल्या कार्यालयात चकरा मारता मारता मुदत संपली आणि जागा गेली. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. हक्क होता, पण कागद नव्हता. दुसऱ्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली. ज्याच्या घरी तेवढीही ऐपत नाही त्याने काय करावे? म्हणून पालकांनो, मूल बारावीत असतानाच दाखला दोन्ही नमुन्यांत काढा, मूळ जातीचा उल्लेख बरोबर आहे का ते पाहा आणि पडताळणीला टाका.

आणखी एक. एम.टेक. झाले म्हणजे खाणीचा व्यवस्थापक होता येते असे नाही. त्यासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचे सक्षमता प्रमाणपत्र लागते आणि त्याला खाणीतला अनुभव लागतो. तेव्हा धूळ अंगावर घ्यायची तयारी ठेवा.

कोणी विचारील, कोळसा तर एक दिवस संपणार किंवा बंद होणार, मग हे शिकून काय? आमचे म्हणणे उलट आहे. खाण उघडताना आपल्या लोकांना कोणी विचारले नाही. बंद होताना तरी विचारावे की नाही? २००९ पासून कोळसा खाणींना बंद करण्याची योजना आधीच तयार करावी लागते. खड्ड्याचे काय, पाण्याचे काय, वस्तीचे काय, हे त्या योजनेत लिहिलेले असते. ती योजना वाचणारा आणि "हे चुकले आहे" असे आकड्यांनिशी सांगणारा माणूस आपल्या वस्तीत असला पाहिजे.

शेवटी एक विनंती आणि एक वचन. विनंती अशी की विहाराच्या वाचनालयात एक कपाट या पुस्तकांसाठी द्यावे, आमची पुस्तके आम्ही त्यात ठेवू. वचन असे की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर आमच्यापैकी कोणी तरी एक जण इथे बसेल. अर्ज, दाखले, अभ्यास, काहीही घेऊन या. लाजू नका. आमच्या वडिलांनी काठी ठोकून ऐकले, आम्ही मोजायला शिकलो. तुमच्या मुलांनी त्याच्या पुढे जावे.

जयभीम! नमो बुद्धाय!