पडद्यावरचा कुंचला आणि खरा रंग

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय मला चिटणीसबाईंनी नेमून दिला आहे. टॅब्लेटवर चित्र काढताना रंग खऱ्या रंगांसारखे का मिसळत नाहीत आणि ते मिसळावेत म्हणून काय करावे, हे सांगा. पण सोपे सांगा, अशी त्यांची ताकीद आहे. शाळेत चित्रकला शिकवण्यात आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुली बसवण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली, तेव्हा सोपे करून सांगण्याची सवय आहे. तरी मध्येच एखादा आकडा आला तर कंटाळू नका. भिशीचे हिशेब आपण तोंडी करतो, त्यापुढे हे काहीच नाही.

आपला गुरुवारचा वर्ग सुरू झाला तेव्हा बहुतेकींजवळ टॅब्लेट होते. मुलांनी घेऊन दिलेले, नाहीतर नातवंडांनी टाकलेले. पहिल्याच दिवशी जी तक्रार आली ती एकीची नव्हती, सगळ्यांचीच होती. पण एका भगिनीची तक्रार मला विशेष लागली. त्या वयाने आपल्या सर्वांहून वडील आहेत. नाव घेतलेले त्यांना रुचणार नाही. तरुणपणी रीतसर चित्रकला शिकलेल्या. टर्पेंटाइनच्या वासाने दम लागू लागला म्हणून डॉक्टरांनी तैलरंग बंद करायला लावले आणि त्यांची रंगपेटी माळ्यावर गेली. मध्यंतरी कोकणातले त्यांचे घरही विकले गेले. घरामागची वाडी डोळ्यांपुढे आहे तोवर ती नातींसाठी रंगवून ठेवावी, एवढीच त्यांची इच्छा. आता वाडी म्हणजे काय? माड, पोफळी, केळी, फणस, आणि प्रत्येकाचा हिरवा निराळा. त्यांनी पडद्यावर निळ्या रंगावर पिवळा ओढला, तर हिरव्याच्या जागी राख उमटली! तीनदा तेच. तेव्हा त्या टॅब्लेट मिटून म्हणाल्या, "माझी नजरच गेली असेल."

मी म्हणते, नजर मुळीच गेलेली नाही. निळा आणि पिवळा मिळून हिरवा होतो हे त्या हाताला पक्के ठाऊक होते, आणि हात खरे बोलत होता. यंत्र दुसऱ्याच रीतीने मिसळते, एवढेच. ती रीत कळली की कुंचला आपल्याला हवा तसा बसवून घेता येतो.

ही रीत समजण्यासाठी आपण विणकराकडे आणि रंगाऱ्याकडे जाऊ. धूपछावीची पैठणी आपण सर्वांनी पाहिली आहे, काहींच्या कपाटात असेलही. तिच्यात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा. धागे एकमेकांत विरघळत नाहीत. शेजारी शेजारी राहतात आणि लांबून आपला डोळा दोहोंची सरासरी काढतो. रंगाऱ्याचे काम वेगळे. त्याला हिरवे कापड हवे असेल तर ते आधी निळीत बुडवायचे आणि मग त्यावर हळदीचा किंवा दुसरा पिवळा रंग चढवायचा, अशी आपल्याकडची जुनी पद्धत होती. येथे एकाच धाग्यावर दोन्ही रंग बसतात. पिवळा रंग उजेडातला निळा भाग गिळतो. निळा रंग तांबडा भाग गिळतो. दोघांच्या तावडीतून सुटतो तो हिरवा, आणि तोच आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. (हळद आणि चुना मिळून कुंकवाचा लाल होतो, ते मात्र रसायन, त्याचा येथे संबंध नाही. हा प्रश्न सभेनंतर हमखास येतो म्हणून आताच सांगून टाकते.)

बशीतले रंग रंगाऱ्याच्या रीतीने मिसळतात. पडदा विणकराच्या रीतीने मिसळतो. पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन बारीक दिवे असतात आणि प्रत्येकाचा उजेड साधारणपणे ० ते २५५ अशा आकड्यांत मोजतात. पिवळा म्हणजे तांबडा २५५, हिरवा २५५, निळा ०. निळा म्हणजे नुसता निळा २५५, बाकी दोन्ही शून्य. आता अर्धा अर्धा करा. तिन्ही दिवे सुमारे १२८ वर येतात, आणि तिन्ही दिवे सारखे लागले की त्याला राखाडी म्हणतात. यंत्राने हिशेब बरोबर केला. आपल्याला नको असलेला केला.

रंगाऱ्याची रीत आकड्यांत मांडण्याचे काम जुने आहे. कुबेल्का आणि मुंक या दोघांनी रंगाचा थर उजेड किती गिळतो आणि किती विखरून परत देतो, याचे गणित १९३१ साली प्रसिद्ध केले. त्याच १९३१ साली आपल्या दांडेकरांनी मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, ज्याचे पुढे कॅम्लिन झाले. योगायोग आहे, पण मला गमतीचा वाटतो. ते गणित पडद्यावर हात फिरेल त्या वेगाने करणे मात्र फार काळ जमत नव्हते. २०२० साली आलेल्या मायपेंट या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या आवृत्तीत रंगद्रव्यासारखे मिसळण्याची सोय झाली. आणि २०२१ साली प्राग येथील तंत्रविद्यापीठातील शार्का सोखोरोवा व ओंद्रेय यामरिश्का यांनी असा उपाय प्रसिद्ध केला की, नेहमीच्या तीन आकड्यांवरूनच खऱ्या रंगद्रव्याचे मिश्रण झटपट निघावे. दोघांतले पहिले नाव एका स्त्रीचे आहे, हे मुद्दाम सांगते. रिबेल नावाच्या सॉफ्टवेअरच्या प्रो आवृत्तीत हा उपाय वापरलेला आहे. त्यात निळ्यावर पिवळा ओढला की हिरवाच येतो. पण त्याला पैसे पडतात. आपल्या वर्गात आपण क्रिटा वापरतो. ते फुकट मिळते आणि संगणकावर तसेच अँड्रॉइडच्या मोठ्या टॅब्लेटवर चालते. तेव्हा क्रिटातच काय साधते ते पाहू.

क्रिटामध्ये कुंचल्याची जुळणी उघडली की त्याचा प्रकार विचारला जातो. तेथे 'कलर स्मज' हा प्रकार घ्या. नेहमीचा कुंचला कोरड्या खडूसारखा. खाली काय आहे ते न पाहता तो आपला रंग ठेवून मोकळा होतो. स्मजचा कुंचला खालचा ओला रंग उचलतो. त्याच्या दोन पट्ट्या महत्त्वाच्या, आणि त्या समजल्या की निम्मे काम झाले. 'स्मज लेंग्थ' म्हणजे खालचा रंग किती लांब ओढत न्यायचा. 'कलर रेट' म्हणजे आपण निवडलेला नवा रंग त्यात किती घालायचा. कलर रेट शून्यावर नेला तर कुंचला रिकाम्या बोटासारखा वागतो: नुसता फासतो, नवे काही देत नाही. तो फार वाढवला तर खालचा रंग झाकून जातो आणि मिसळणे राहूनच जाते. मी स्वतः कलर रेट पंचवीसच्या आसपास आणि स्मज लेंग्थ साठ-सत्तरवर ठेवून सुरुवात करते. हे माझ्या हाताचे माप आहे. मिठासारखे समजा, ज्याच्या त्याच्या जिभेप्रमाणे कमीजास्त करावे.

मग कलर रेटला पेनाच्या दाबाची जोड द्या. माझ्या मते सर्वांत जास्त फरक याने पडतो. दाबले की रंग उतरावा, हलका हात फिरवला की नुसते मिसळावे, हीच तर आपल्या खऱ्या कुंचल्याची सवय! ही जोड दिल्यावर वर्गातल्या कितीतरी जणींनी "आत्ता कुठे हाताला कळले," असे म्हटले. मात्र पेन दाब ओळखणारे हवे. रबरी टोकाच्या साध्या पेनाला दाब कळत नाही, बोटाचेही तेच. ते घेऊन ही जोड दिली तर काही फरक दिसणार नाही आणि उगाच स्वतःला दोष द्याल.

आणखी दोन अडचणी वर्गात पुनःपुन्हा येतात. एक अशी की, रंग फासताना पायऱ्या पायऱ्या दिसतात. कुंचल्याचे ठसे लांब लांब पडतात म्हणून असे होते. 'स्पेसिंग' कमी करा, ठसे जवळ येतील. फारच कमी केले तर जुना टॅब्लेट अडखळतो, तेव्हा बेताने. दुसरी अडचण अशी की, कुंचला खालचा रंग उचलतच नाही. बहुतेक वेळा आपण नवा थर, ज्याला लेयर म्हणतात, उघडून त्यावर काम करत असतो. तो थर काचेसारखा रिकामा असतो. कुंचल्याला उचलायला तेथे रंगच नसतो. ज्यांना मिसळायचे ते रंग एकाच थरावर ठेवा.

आयपॅडवर प्रोक्रिएट वापरणाऱ्या मुली-सुनांनी 'वेट मिक्स' हा विभाग पाहावा. तेथे पाणी, रंगाचा साठा आणि ओढ यांच्या अशाच पट्ट्या 'डायल्यूशन', 'चार्ज' व 'पुल' या नावांनी आहेत. नावे बदलली तरी नाती तीच.

एवढे करूनही राखेचा प्रश्न उरतोच. कुंचला आता ओला झाला, पण सरासरीची रीत तशीच आहे. येथे मात्र आपली जुनी विद्या कामाला येते. पोपटी हवा असेल तर आपण अल्ट्रामरीन कधी घेत नसू. हिरव्याकडे झुकणारा प्रशियन निळा आणि लिंबू पिवळा घेत असू. पडद्यावरही तेच करा. निळा थेट फिरोजीकडे झुकवा, म्हणजे हिरवा २५५, निळा २५५, तांबडा ०. त्याची आणि पिवळ्याची सरासरी काढली तर हिरवा पूर्ण राहतो, बाकीचे दोन अर्ध्यावर येतात, चक्क पोपटी! आणि गडद निळाच हवा असेल तर मधला हिरवा आपण स्वतः निवडून मध्ये ठेवावा आणि दोन्ही बाजूंनी त्यात ओढावे. आपल्या त्या भगिनींनी वाडीसाठी सहा हिरवे निवडून चित्राच्या कडेला ठिपके लावून ठेवले आहेत. पोफळीचा अजून मनासारखा होत नाही म्हणतात. केळीचा मात्र असा उतरला आहे की पान फाडावेसे वाटते.

हा मधला रंग ओळखायचा सराव कशावर करावा? सावळाराम हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र आपल्यापैकी पुष्कळींनी कॅलेंडरवर तरी पाहिले असेल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. ते हळदणकरांचे आहे, आणि चित्रातली स्त्री ही त्यांचीच कन्या. ज्योतीपुढे धरलेली बोटे पाहा. उजेडाचा पिवळा आणि सावलीचा काळोख यांच्यामध्ये जो तांबूसपणा आहे, तो पिवळ्या-काळ्याची सरासरी काढून कधीच मिळणार नाही. त्याने मळकट शेवाळी रंग येईल. तो तांबूस चित्रकाराने पाहिला आणि ठेवला. तेवढाच बोटांचा तुकडा आपल्या कुंचल्याने उतरवून पाहा.

पडद्याकडून काय मागू नये, हेही सांगायला हवे. जाड रंगाचा खडबडीत थर तो दाखवतो, पण बोटाला लागू देत नाही. कागद वाळताना जलरंग आपणहून जी कड धरतो, ती बहुतेक ठिकाणी आपल्यालाच काढावी लागते. ज्यांना वासाचा त्रास नाही आणि घरात ओले चित्र वाळत ठेवायला जागा आहे, त्यांनी खरे रंग सोडावेत असे मी सुचवणार नाही. पण दोन खोल्यांत सहा माणसे, त्यात वाळत घातलेले कपडे, अशा घरात ओले चित्र ठेवायचे कोठे? तेथे हा टॅब्लेट उशीखाली ठेवता येतो.

कुंचला एकदा मनासारखा जुळला की तो निराळे नाव देऊन जतन करून ठेवा, नाहीतर नातू खेळता खेळता सगळ्या पट्ट्या मूळपदावर आणील. वर्गात 'आजीचा ओला', 'वाडी १' अशी नावे आहेत.

चहा तयार असल्याची खूण मला मघापासून होत आहे, तेव्हा थांबते. येत्या गुरुवारी चार वाजता मी प्रशियन निळ्याची आणि लिंबू पिवळ्याची एकेक ट्यूब, एक पांढरी बशी आणि पाणी घेऊन येणार आहे. आधी बशीत मिसळू आणि मग तोच हिरवा पडद्यावर आणू. टॅब्लेट घरून चार्ज करून आणावेत. वर्गात प्लग दोनच आहेत.