स्मरणाचा हक्क
(कोल्हापूर येथे बौद्ध पालकांसमोर केलेले भाषण)



मुलांची स्मरणशक्ती कशी वाढवावी, असे पालक नेहमी विचारतात. वरवर पाहता हा परीक्षेचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो हक्काचा प्रश्न आहे. गौतम धर्मसूत्र काय सांगते ते पाहा. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानांत वितळलेले कथील व लाख ओतावी, उच्चारला तर जीभ छाटावी, आणि ध्यानात ठेवला तर त्याचे शरीर चिरावे. तिन्हींत शेवटची शिक्षा सर्वांत कठोर आहे. ऐकलेले विरून जाते, बोललेले हवेत जाते; परंतु ध्यानात राहिलेली विद्या हिरावून घेता येत नाही. विद्येची मक्तेदारी करणाऱ्यांना खरे भय होते ते आपल्या स्मरणाचे.

आता तथागतांचा संघ पाहा. महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत आनंदाने सुत्ते सांगितली आणि विनय सांगितला तो उपालीने. उपाली कोण होता? न्हावी! ज्याच्या स्मरणाला धर्मसूत्राने दंड सांगितला असता, त्याच्याच स्मरणाला संघाने प्रमाण मानले. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात त्रिपिटक लिहिले गेले, तोवर ते भिक्खूंच्या कंठातच जिवंत होते. पठण करणाऱ्यांना ‘भाणक’ म्हणत. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचे दान कोरलेले आहे. म्हणजे ही परंपरा परकी नव्हे, याच भूमीची आहे.

आपल्या वाडवडिलांना अक्षर नाकारले गेले, तेव्हा त्यांनीही कंठाचाच आश्रय घेतला. सत्यशोधक जलसे झाले, त्यामागून आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डकांनी जलसा गाजविला, वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गाणी रचली. पाटी हातात न धरलेल्या माणसांनी बाबासाहेबांचा लढा पदे ऐकून पाठ केला. हे कसे साधले? ताल पुढच्या शब्दाची वाट दाखवितो. यमक चुकीचा शब्द बसू देत नाही. ध्रुपद पुन्हा पुन्हा येते. शिवाय झिलकरी म्हणून ज्याला मागे उभे केले, त्याला लक्ष देणे भागच पडते. हेच साधन आता घरात आणावयाचे आहे.

प्रथम मुलांना अर्थ सांगा. मग दोन ओळी घ्या. एकाने म्हणाव्यात, इतरांनी टाळी किंवा डफावर झेलाव्यात. त्यानंतर पुस्तक मिटा आणि मुलाला सर्वांसमोर उभे करा. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवण्याचा प्रयत्न अधिक पक्का ठसा उमटवितो. १८८५ साली जर्मन संशोधक एबिंगहाउस यांनी दाखविले की शिकलेले आरंभीच सर्वांत झपाट्याने विसरले जाते. म्हणून दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग आठवड्याने तेच पद पुन्हा म्हणवून घ्या.

इतिहासाचा क्रम लक्षात ठेवण्यासाठी घरच उपयोगी पडते. मुलांकडून सहा कडव्यांचा पोवाडा रचून घ्या आणि प्रत्येक कडवे एका जागी उभे राहून म्हणवा. अंगणात माणगाव परिषद, २१ व २२ मार्च १९२०. ती आपल्याच जिल्ह्यात भरली आणि शाहू महाराज तिला उपस्थित होते. पाण्याच्या माठापाशी महाडचे तळे, १९२७. दारापाशी काळाराम मंदिराचे बंद दार, १९३०. जेथून जुने देव उतरविले त्या कोनाड्यापाशी येवल्याची घोषणा, १९३५. बाबासाहेबांच्या तसबिरीपाशी बिंदू चौकातील त्यांचा पुतळा, १९५०. बुद्धप्रतिमेपाशी नागपूरची दीक्षा, १४ ऑक्टोबर १९५६. पुढे परीक्षेत मूल मनातल्या मनात घरातून फिरेल आणि सनावळी आपोआप हाती येईल. मुलींना मागे झिलकरी म्हणूनच ठेवू नका. डफ त्यांच्याही हाती द्या.

एखाद्या मुलाच्या ध्यानात राहत नाही. त्याला ‘मठ्ठ’ म्हणू नका. तो शब्द आपल्या साऱ्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकविला गेला आहे. चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून सख्ख्या थोरल्या भावाने त्याला विहार सोडावयास सांगितले. तथागतांनी मात्र त्याच्या हाती स्वच्छ वस्त्राचा तुकडा दिला. ते हाताळता हाताळता मळले, आणि त्या मळण्यातून त्याला अनित्यता उमगली. तो अर्हत झाला. कोणाला शब्दाने कळते, कोणाला हाताने. अशा मुलाला ताल धरू द्या, अभिनय करू द्या. शब्द मागून येतील.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. पाठांतर म्हणजे प्रज्ञा नव्हे. परंपरेने ऐकत आलो एवढ्यावरून काहीही खरे मानू नका, असे तथागतांनी कालामांना बजाविले. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असून घरातले जुने कर्मकांड सुटले नसेल, तर ते पाठांतर पोपटाचे ठरेल. म्हणून प्रत्येक पद म्हणून झाल्यावर मुलाला विचारा : याचा अर्थ काय, आणि आज आपण यातले काय आचरले?

१९१७ साली शाहू महाराजांनी या करवीरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शाळेचे दार त्यांनी उघडले, संविधानाने समान हक्क दिले. पण शिकलेले मुलांच्या कंठात आणि आचरणात उतरविणे हे घराचे काम आहे. ज्या स्मरणासाठी शरीर चिरण्याची शिक्षा सांगितली होती, ते स्मरण आज तुमची मुले चौकात उभी राहून खड्या आवाजात गाऊ शकतात. येत्या रविवारी दिवा लावा, वंदना घ्या आणि पहिले कडवे त्यांच्याकडून म्हणवून घ्या.

जय भीम!